नातवाच्या नांवचें कर्ज

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटी पाहूनच करावी लागते. डोंगराच्या पाठीमागच्या पायऱ्या उतरलें म्हणजे लाटांनीं कोरलेल्या खडकांवरून वाट जाते, आणि भरतीच्या वेळीं ती वाट समुद्राची होते. तेथील माणसांना ही मर्यादा कोणी शिकवावी लागत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही ज्यांच्या घरीं उतरलों होतों, त्यांची सुपारीची वाडी ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळांत आडवी झाली होती. नवीं रोपें लावलेलीं आहेत. एव्हाना कोठें एखाद्याला फुलोरा दिसूं लागला आहे. तीं दाखवितां दाखवितां ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, मुंबईनें म्हणे २०५० पर्यंत आपला धूर बंद करायचें ठरवलंय. तें बघायला कोण असणार?" प्रश्न थट्टेनें विचारलेला होता, पण तो आमच्या मनांतून जाईना.

मुंबई महानगरपालिकेची हवामान कृति-योजना मार्च २०२२ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाप्रमाणें २०१९ सालीं शहरानें सुमारें २ कोटि ३४ लक्ष टन कर्बवायूइतके हरितगृह वायु हवेंत सोडले. त्यांतील ७२ टक्के विजेच्या व इंधनाच्या वापराचे, २० टक्के वाहतुकीचे, बाकीचे कचऱ्याचे. ही बेरीज २०३० पर्यंत ३० टक्क्यांनीं, २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनीं उतरवावयाची, आणि २०५० सालीं बाकी शून्य करावयाची. योजना मनापासून केलेली आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु वाचकांनीं ही वजाबाकी एकदां स्वतः करून पाहावी. पहिल्या टप्प्यांत ३०, दुसऱ्यांत अवघे १४, आणि शेवटच्या दहा वर्षांत ५६! सर्वांत जड ओझें ज्यांच्या खांद्यावर ठेविलें, त्यांतले पुष्कळसे अजून शाळेंतहि गेलेले नाहींत. शिवाय ज्या मार्चमध्यें हें वचन जाहीर झालें, त्याच मार्चमध्यें नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला.

मुंबईकर म्हणेल, आमचा दरडोई वाटा दोन टनांहूनहि कमी. अमेरिकन माणसाचा याच्या कित्येक पट. हें खरें आहे. तो असेंहि म्हणेल कीं, अमुक वादळ अमुक धुरानें आलें असें कोणी सिद्ध करावें? तेंहि कोणी करूं शकणार नाहीं. न्यायालयांत एवढ्यावर आरोपी सुटेल. पण ज्यांचीं कर्मे एकत्र मिसळून फळ तिसऱ्याच्या दारांत पडतें, त्यांचें कर्तव्य पुराव्याअभावीं संपतें काय? आणि दुसरी वाट ठाऊक नव्हती असेंहि मुंबईस म्हणतां येणार नाहीं. १९१५ सालीं खोपोलीच्या वीजगृहांतून पाण्याची वीज तिच्या गिरण्यांस जाऊं लागली होती. कोळशाचा आश्रय तिनें पुढें गरज वाढली तसा पुन्हां घेतला.

येथें आम्हांलाहि थोडें ओशाळें व्हावें लागतें. आम्ही हरिहरेश्वरास मोटारीनें गेलों होतों. वाडी पुन्हां उभी करावयास लागलेला पैसा यजमानांच्या मुलानें मुंबईहून पाठविला होता. शहर व किनारा हे वादी-प्रतिवादी असते तर निकाल सोपा होता. एकाच घराचीं माणसें दोन्ही बाजूंस आहेत.

बापाचें ऋण मुलानें फेडावें, असें आपल्याकडे मानीत आले. तें ऋण बहुधा अडचणींतून झालेलें असे. ऐपत असतांना आपला हप्ता लहान ठेवून मोठा हप्ता नातवाच्या नांवें लिहिणाऱ्यास मात्र कोणी कर्ता पुरुष म्हटल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. नारळ लावणाराहि नातवासाठींच लावतो, पण पाणी आज घालतो.

आम्हीं यजमानांना ५६ चा आंकडा सांगितला. ते कांहीं बोलले नाहींत, पाटाचें पाणी दुसऱ्या आळ्यांत वळवून आले आणि म्हणाले, "मग आपण २०३० चंच बघूं." २०३० सालास आतां फार अवकाश नाहीं. तोंवर त्यांचीं रोपें सुपारी धरूं लागलेलीं असतील, आणि त्या सालचा ३० टक्क्यांचा हिशेब तपासावयास ते आणि आम्ही दोघेहि बहुधा असूं.