स्थान, संबंध आणि परिसराचा नकाशा

परमेश्वर देशकालाच्या पलीकडचा आहे असे मानणाऱ्या धर्मविचाराला एखाद्या विशिष्ट जागेचे पावित्र्य कशाच्या आधारावर मानता येते, आणि ती जागा नेमकी तीच आहे याची साक्ष कोणी द्यायची, हे प्रश्न टाळता येत नाहीत. महानुभाव पंथाने १४व्या शतकात या प्रश्नांना जे उत्तर दिले, ते केवळ तत्त्वचर्चेत न राहता ‘स्थानपोथी’ या गद्यग्रंथात उतरले. हा ग्रंथ मुनिव्यास यांच्या नावावर असून त्यात पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर आणि त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू या, पंथाने परमेश्वराचे अवतार मानलेल्या दोघांच्या वास्तव्याने पावन झालेल्या जागांची गावोगावची नोंद आहे. रेषांऐवजी शब्दांनी काढलेला तो नकाशाच आहे.

महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न मानते. त्यामुळे एखादे क्षेत्र तेथील देवतेमुळे किंवा नदीमुळे आपोआप तारक ठरते, ही कल्पना या पंथाला मान्य होत नाही. जागेला मूल्य येते ते ‘संबंधा’मुळे, म्हणजे अवताराच्या देहाचा तिला जो प्रत्यक्ष स्पर्श झाला त्यामुळे. असन्निधानात, म्हणजे अवतार समोर नसताना, साधकाला आधार देणाऱ्या स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार गोष्टींत म्हणूनच स्थानाची गणना होते. अवताराने वापरलेली वस्तू तो प्रसाद, संन्यस्त अनुयायी तो भिक्षुक आणि गृहस्थ अनुयायी तो वासनिक.

संबंध एकदा घडून गेला की डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच स्थानपोथीला भोवतालचा परिसर नोंदवावा लागतो. कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला, दाराच्या कोणत्या बाजूला आसन झाले, कोठे आरोगणा म्हणजे भोजन झाले, कोठे पहुड म्हणजे निद्रा झाली, हे ती सांगते. परिश्रयाची, म्हणजे लघुशंकेची जागाही ती वगळत नाही, कारण संबंधाच्या दृष्टीने अवताराची कोणतीही देहक्रिया क्षुद्र नसते. ज्या देवता मोक्ष देऊ शकत नाहीत असे हा पंथ मानतो, त्यांचीच देवळे येथे दिशादर्शक खुणा होतात. यादवकालीन वस्त्यांची रचना समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकांना ही पोथी मोलाची वाटते, ती याच कारणाने.

ही नोंद कोणा एकाच्या दृष्टीवर उभी नाही; तिच्यामागे अनेकांच्या आठवणींची परंपरा आहे. चक्रधरांचे अनुयायी म्हाइंभट यांनी पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली, प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना भेटून ‘लीळाचरित्र’ या चक्रधरांच्या चरित्रासाठी आठवणी जमवल्या. मूळ ग्रंथ धामधुमीत नाहीसा झाल्यावर हिराइसा आदी अनुयायांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. या प्रक्रियेत पाठभेद निर्माण झाले आणि ते जपलेही गेले. ज्या समुदायाचा मोक्षच अचूक स्मरणाशी जोडलेला आहे, त्याने भिन्न आठवणींना एकाच साच्यात कोंबले नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

येथे असा आक्षेप घेता येईल की अनेकांनी मिळून रचलेला नकाशा पावित्र्य शोधत नाही, तर निर्माण करतो. आक्षेपात तथ्य इतकेच आहे की समुदायाने स्मरण सोडले तर स्थान ओळखू येणार नाही. पण ओळख पुसली जाणे आणि घडलेले न घडलेले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुदाय संबंध घडवत नाही, त्याची साक्ष देतो. आणि साक्षीत चूक संभवते, म्हणूनच ती अनेकांची असावी लागते.

परिसराचा सांस्कृतिक इतिहास रहिवाशांनी एकत्र बसून आठवणी, चित्रे आणि कथा यांतून नकाशावर उतरवण्याचे जे प्रयत्न आज होतात, त्यांना या परंपरेकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. उदाहरणार्थ, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची भूमी. त्यांच्या चरित्रात पाण्यावाचून अडलेल्या, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मातंगांना त्यांनी विहिरीसाठी जागा दाखवल्याची लीळा, म्हणजे प्रसंग, येतो. रिद्धपूरचा जो नकाशा तेथील राजमठ हे गोविंदप्रभूंचे प्रमुख स्थान दाखवील पण ही विहीर गाळील, तो भक्तिदृष्ट्याही अपुरा ठरेल, कारण परमेश्वराचा संबंध गावाच्या प्रतिष्ठित भागापुरता मर्यादित राहिला नव्हता. कोणत्याही पेठेचा, आळीचा किंवा वाडीचा नकाशा काढताना हाच निकष लावला पाहिजे: ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते त्यांच्या आठवणी त्यात आल्या का, आणि परस्परविरोधी आठवणींना शेजारी-शेजारी जागा मिळाली का. हे ज्या नकाशात घडत नाही तो केवळ अपूर्ण राहत नाही, तर साक्षीच्या कसोटीलाही उतरत नाही. आणि अशी साक्ष गोळा करण्याचे परिश्रम स्वतःच उपासनेच्या योग्यतेचे आहेत, हे महानुभावांनी सहाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या आचरणाने दाखवून दिले आहे.