चेसिस नंबरचं तत्त्वज्ञान

मिलिंद राजाला भिक्खू नागसेनानं एक साधा प्रश्न टाकला होता. महाराज, आपण रथातून आलात ना? मग रथ कुठला ते दाखवा. चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजा एकेकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला, की हे सगळं एकत्र आलं की आपण त्याला रथ म्हणतो, एवढंच. ‘मिलिंदप्रश्ना’तला हा संवाद मी निवृत्तीनंतर वाचला, त्याचं प्रात्यक्षिक मात्र वर्कशॉपमध्ये जन्मभर केलं. इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला, बॉडी नव्यानं बांधली. लॉगबुकात गाडी तीच.

नागसेनाची आणि आरटीओची गाठ पडली नाही, हे बरंच झालं. आरटीओकडे उत्तर तयार असतं: जिच्यावर चेसिस नंबर ठोकलाय, ती गाडी. तिचं आयुष्यही आता ठरलेलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी गाडीची नोंदणी टिकत नाही. त्यात महापालिकांच्या गाड्याही आल्या.

पण वय कशानं मोजायचं? आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात कचरागाडी चार घरांवर थांबते, निघते, पुन्हा थांबते. सगळी फेरी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. किलोमीटर थोडे, क्लच प्लेट आणि ब्रेक लायनिंगची झीज मोठी. वर ओल्या कचऱ्याचं आंबट पाणी झिरपून लोखंड खातं. अशा गाडीच्या चेसिसवर हातोडीनं टिचकी मारून बघा. धड लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. साहेबाच्या गाडीहून ही कितीतरी आधी म्हातारी होते. जन्मसाल एकच असलं तरी.

हिशेबाची रीत जुनीच आहे. गाडी जितकी वर्षं चालवाल तितका तिच्या किमतीचा वार्षिक बोजा उतरतो आणि दुरुस्तीचा चढतो. दोन्ही मिळून वर्षाची सरासरी जिथे सगळ्यात कमी, तिथे गाडी मोडीत काढावी. यात गाडी उभी राहिल्याचे दिवसही धरावे लागतात, कारण गाडी उभी राहिली की कचरा दारातच राहतो. शहरं ते बहुधा धरत नाहीत. नवीन गाडीचा पैसा एकदम दिसतो, जुनीचा थेंबाथेंबानं जातो. शिवाय माया असते. दसऱ्याला जिला हार घातला, हळद-कुंकू लावलं, तिच्या कंडमच्या कागदावर सही करताना हात अडतो.

या अडलेल्या हाताला आपल्या घरातच उत्तर आहे. गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की दहा, हे बसवतानाच ठरतं. मनावर सोडलं असतं, तर कुणी विसर्जनाला उठलंच नसतं. अक्षता वाहून उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची हलवतात. देवत्व मातीला चिकटलेलं नाही, हे त्यात आलंच. १५ वर्षांचा नियम मला असाच वाटतो: माया आणि चालढकल, दोघींनाही लगाम.

मात्र तिथी ठरलेली आहे म्हणून बघायचंच नाही, हा आळस झाला, वैराग्य नव्हे. सातव्या वर्षी चेसिस बद्द वाजत असेल, तर पंधरावं उजाडण्याची वाट बघणं म्हणजे ड्रायव्हरचा आणि मागे उभ्या राहणाऱ्या सफाईमित्राचा जीव टांगणीला लावणं. आणि नव्या रंगाच्या हौसेपायी धडधाकट गाडी भंगारात घालणं हाही जनतेच्या पैशाशी द्रोहच.

इंदूरला जपण्यासारखं काय, हे इंदूरला ठाऊक आहे. गिरण्या बंद पडून दशकं लोटली, तरी अनंत चतुर्दशीला त्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. २०१७ साली हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढेही येत राहिलं, ते कुठल्या एका गाडीच्या जोरावर नाही. फेरी चुकली नाही म्हणून. चालू ठेवायची ती फेरी. तेव्हा कंडमच्या कागदावर सही करणाऱ्यानं आधी गाडीखाली वाकून बघावं. बघून झाल्यावर मात्र हात आखडता घेऊ नये.