गंगाजल बंद राहील

दसऱ्याच्या सुमारास आमच्या नोएडातील इमारतीच्या जिन्यापाशी दरवर्षी एक सूचना चिकटविली जाते, आणि तिची कारकुनी भाषा इतकी निर्विकार असते की तिच्यातला चमत्कार पहिल्या वर्षी माझ्या ध्यानातच आला नाही. कालव्याची सफाई चालू असल्यामुळे दिवाळीपर्यंत गंगाजल बंद राहील, असे तीत लिहिलेले असते. येथे 'गंगाजल' हा शब्द भक्तीचा नव्हे, पुरवठ्याचा आहे. जमिनीतून उपसलेले बोरिंगचे जड पाणी वेगळे, आणि हरिद्वारहून 1854 साली वाहता झालेल्या अपर गंगा कालव्याने येऊन, गाळले जाऊन नळातून उतरणारे पाणी वेगळे, एवढाच भेद त्याने दाखवायचा असतो. घर दाखविणारा दलालसुद्धा लिफ्ट आहे, गाडीला जागा आहे, या फिरिस्तीतच गंगाजल येते हेही सांगून मोकळा होतो.

वाईच्या आमच्या घरात याच गंगेचा तांब्याचा एक गडू देवघराच्या खालच्या फळीवर असे. आजोबांनी तो काशीहून आणला होता, त्याचे तोंड झाळून बंद केलेले होते, आणि तो केव्हा उघडायचा हे घरातल्या सर्वांना न बोलता ठाऊक होते. कृष्णेच्या काठी जन्म घालविलेल्या माणसाला अखेरच्या घटकेस जिचा एक थेंब मिळावा म्हणून एवढा इतमाम करावा लागला, त्याच गंगेने त्याचा नातू आता रोज फरशी पुसतो. तेव्हा पावित्र्य होते ते पाण्यात, की वाई आणि काशी यांच्यामधल्या अंतरात, हा प्रश्न मला बदलीच्या नोकरीने घातला, शास्त्राने नव्हे.

मुलूख बदलला की माणसाची पहिली परीक्षा पाणी घेते. भाषा आठ दिवसांत जुळते, रस्ते महिन्यात पाठ होतात. पोट मात्र आपला निकाल सावकाश देते. मराठीत त्यासाठी 'पाणी मानवणे' हा सुरेख शब्दप्रयोग आहे. येथे आल्यावर ज्वारीचे पीठ मागितले तेव्हा चक्कीवाला मजकडे किंचित चकित होऊन पाहू लागला, कारण या प्रदेशात ज्वारी म्हटली की शेतकऱ्याला प्रथम गुरांची चरी आठवते. परंतु भाकरीची आठवण गव्हाच्या पोळीवर काढता येते, पाण्याला पर्याय नसतो.

पहिल्या दिवाळीस, गंगाजल बंद असताना, आईने नैवेद्यासाठी तूरडाळ कुकरला लावली. नेहमीच्या शिट्ट्या झाल्या, मग आणखी झाल्या, आणि झाकण काढले तेव्हा डाळीचे दाणे गढूळ पाण्याच्या तळाशी फुटाण्यांसारखे सुटे पडले होते. जड पाण्यातले चुन्याचे क्षार डाळीच्या पेशींना सांधून ठेवणाऱ्या द्रव्याला धरून बसतात आणि ते विरघळू देत नाहीत, हे शास्त्र मला नंतर कळले. शेजारच्या मेरठकडील आजींना ते आयुष्यभर ठाऊक होते. "बहनजी, यह बोरिंग का पानी है, इसमें अरहर नहीं गलेगी, धुली मूँग चढ़ा लीजिए," असे त्यांनी दारातूनच सांगितले. आईने मुगाची डाळ काढली, हात थांबविला आणि मला विचारले, "मुगाचं वरण देवाला चालेल का रे?"

'चालणे' आणि 'मानवणे' या दोन क्रियापदांत आपल्या धर्मविचाराचा बराचसा इतिहास सामावलेला आहे, हे मला त्या क्षणी जाणवले. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहार शुद्ध असला की अंतःकरण शुद्ध होते असा विचार आला आहे. तेथे शंकराचार्यांनी आहार या शब्दाचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेले विषयज्ञान असा व्यापक केला. रामानुजाचार्यांनी अन्न हाच सरळ अर्थ धरून त्याचे तीन दोष गणले: पदार्थाच्या जातीचा, तो ज्याच्याकडून आला त्या आश्रयाचा, आणि केस-किडा पडण्यासारख्या निमित्ताचा. साधकाच्या विवेकासाठी सांगितलेल्या या तीन दोषांपैकी समाजाने मधला तेवढा घट्ट धरला, आणि कोणाच्या हातचे पाणी चालते एवढाच धर्म मानला. 1927 च्या 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याने ते तळे 'शुद्ध' करून घेतले, आणि त्या पाण्यावरील हक्काचा अखेरचा निवाडा उच्च न्यायालयातून यायला 1937 साल उजाडले. तळ्याने यांपैकी कोणाला काही विचारले नव्हते. प्यायलेले पाणी सर्वांनाच मानवले होते. ते चालत नव्हते एवढेच.

त्याच उपनिषदातील उद्दालक आणि श्वेतकेतू यांची कथा मला या संदर्भात अधिक मार्मिक वाटते. उद्दालक मुलाला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करायला लावतो, पण पाणी हवे तितके प्यायला सांगतो, कारण प्राण जलमय आहे. सोळाव्या दिवशी तो त्याला वेद म्हणायला सांगतो, तेव्हा मुलाला काही आठवत नाही. जेवून परत आल्यावर सारे आठवते. पाण्याने प्राण राखला, अन्नाने स्मृती परत आणली. परंतु ते अन्न कोणत्या मुलखातले असावे, याची अट उद्दालकाने घातली नव्हती. याचा मथितार्थ परदेशी झालेल्या माणसाने नीट ओळखावा. वाईच्या घाटाची, गणपतीच्या देवळाची, कृष्णामाईच्या उत्सवाची माझी आठवण आज ज्या मनात उभी आहे, ते मन तर येथल्या गव्हाने आणि कालव्याच्या पाण्याने घडत आले आहे. माझ्यातला वाईकर मेरठकडच्या अन्नावर जगतो. आणि त्याला ते अन्न परके वाटते, हा त्याचा कृतघ्नपणा आहे.

अर्थात हे परकेपण एका हुकमाने जात नाही. चरकाने सवयीने अंगवळणी पडलेल्या गोष्टीला सात्म्य म्हटले, आणि अहितकर सवय सोडायची ती चतुर्थांशाने सोडावी, नवी धरायची तीही त्याच क्रमाने, असा शिरस्ता घालून दिला. आमच्या आमटीत आमसुलाशेजारी आमचूर याच क्रमाने आले.

गंगा कालव्यात शिरली म्हणजे ती गंगा राहते काय, हा वादही नवा नाही. बंधाऱ्यामुळे हर की पौडीवरची धार खुंटेल या भयाने हरिद्वारला आंदोलन उभे राहिले, आणि 1916 साली मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने सरकारशी करार होऊन मोकळ्या धारेची हमी घेण्यात आली. दाराआड अडविलेले पाणी तीर्थ नव्हे, अशी ती श्रद्धा होती, आणि तिचा मी अनादर करीत नाही. पण आपल्याकडे नाशिक-पैठणचा माणूस गोदावरीवर निघाला तरी गंगेवर जातो असेच म्हणतो; त्याच्या गंगेला हरिद्वारचा दाखला लागत नाही. त्याच पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिला करुणेची कथा म्हणून सोडून देतो. माझ्या मते ती पाण्याच्या तत्त्वज्ञानाची कथा आहे. उगमापासून मुक्कामापर्यंत जपून नेले म्हणजे पाणी तीर्थ होते, असे बरोबरच्या यात्रेकरूंना वाटत होते. ते ज्या घशात उतरते तेथेच त्याचे तीर्थपण सिद्ध होते, हे नाथांनी ओळखले होते.

त्या दिवाळीला नैवेद्य मुगाच्या वरणाचाच झाला. संध्याकाळी लक्ष्मीपूजनासाठी आईने नळाखाली तांब्या धरला. बोरिंगच्या पाण्याने त्याच्या कडेला आधीच पांढरी रेघ धरली होती. मी कलशावर हात ठेवून नेहमीप्रमाणे सात नद्यांना बोलाविले. वाईला असताना या मंत्रातील बहुतेक नद्या दूरच्या वाटत, गोदावरी तेवढी शेजारची. येथे यमुना दोन कोसांवर आणि गोदावरी मात्र मुलखापलीकडे होती. जिन्यापाशी ती सूचना अजून तशीच होती. त्या मंत्रात पहिले नाव गंगेचे येते.