द्यूतसभेतील तीन क्षण

॥ श्री गणेशाय नमः ॥

भाविकहो, महाभारतातील द्यूतसभेची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो खेळ चोरून झाला नव्हता. राजाची आज्ञा होती, त्यासाठी खास सभागृह उभारले होते, भीष्म-द्रोणांसारखे वडीलधारे समोर बसले होते. तरीही अनर्थ झाला. राजमान्य ते सारे धर्ममान्य नसते.

अमेरिकेत १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला आणि खेळांवरील सट्ट्याचा निर्णय राज्यांवर सोपवला. आज तीसहून अधिक राज्यांत तो कायदेशीर आहे. बहुतेक ठिकाणी वयाची अट २१ वर्षांची. पण २०२३ साली एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेने १८ ते २२ वयाच्या तरुणांची पाहणी केली, तेव्हा ५८ टक्के तरुणांनी खेळांवर कधी ना कधी पैज लावलेली आढळली. शकुनीचे फासे आता खिशातल्या फोनमध्ये आहेत. सामना संपायची वाट पाहावी लागत नाही. बेसबॉलच्या पुढच्या फेकीवरही पैज लागते.

अशा वेळी त्या सभेतील तीन क्षण आठवावेत.

पहिला क्षण आमंत्रणाचा. विदुराने आधीच सावध केले. धृतराष्ट्र म्हणाला, हा तर मित्रत्वाचा खेळ. आपणही "मित्रांबरोबर पाच डॉलर लावले तर काय बिघडले?" असे म्हणून विषय सोडून देतो.

दुसरा क्षण खेळ रंगल्याचा. आंधळा पिता उतावीळपणे एकच विचारत राहिला, "जिंकले का? जिंकले का?" मुलाने जिंकल्याचे कौतुक करताना आपणही तेच विचारत असतो. हरलेले पैसे तो कोणाला सांगत नाही. हरलेले परत मिळवण्यासाठी तो आणखी लावतो. आधी बचत जाते, मग क्रेडिट कार्ड, मग झोप आणि अभ्यास.

तिसरा क्षण सर्वांत महत्त्वाचा. द्रौपदीला वर देऊन धृतराष्ट्राने पांडवांना मुक्त केले, राज्यही परत दिले. पण वाटेवरून पुन्हा बोलावणे येताच युधिष्ठिर परतला आणि वनवास ओढवला. तो दुष्ट नव्हता, साक्षात धर्मराज होता. व्यसनापुढे केवळ सज्जनपणा पुरत नाही. म्हणून मुलाचे कर्ज गुपचूप फेडून "आता पुन्हा करू नकोस" एवढे म्हणणे अपुरे आहे. ॲप काढून टाकणे, राज्याच्या स्वेच्छाबंदी यादीत त्याने स्वतः नाव घालणे, समुपदेशकाकडे जाणे, काही काळ पैशांचा व्यवहार घरच्यांच्या नजरेखाली ठेवणे, हे सारे हवे. "लोक काय म्हणतील" या भीतीने मौन धरले, तर आपणही त्या सभेतील वडीलधाऱ्यांच्याच रांगेत बसू.

पालकहो, घरात विदुर व्हा. रागावण्याआधी ऐका, आणि वेळेवर बोला. तरुण मित्रांनो, हरला असाल तर आजच आईबाबांना सांगा. सांगण्यात कमीपणा नाही.

बुद्धिदाता गजानन आपल्या सर्वांना सुबुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!