दिवंगताची ठेव

मनुष्य देह ठेवून जातो, तेव्हा त्याच्या मागे दोन प्रकारची कर्मे उरतात. दहन, अस्थिसंचयन, पिंडदान, तेराव्याचा विधी ही एका प्रकारची होत. त्याने बँकेत ठेवलेला पैसा, त्याच्या नावाची जमीन, त्याने घेतलेले ऋण, इतरांस हातउसनी दिलेली रक्कम, विम्याचा कागद, निवृत्तिवेतन यांची व्यवस्था लावणे ही दुसऱ्या प्रकारची होत. पहिल्या कर्मांस आपण धर्म म्हणतो, दुसऱ्यांस व्यवहार म्हणतो. पहिली करताना आपण स्नान करून, दर्भ हाती घेऊन, मन आवरून बसतो. दुसरी करताना मात्र पुष्कळदा संशय, लोभ आणि उतावीळ यांना शेजारी घेऊन बसतो. ही विभागणी गीतेला मान्य आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अठराव्या अध्यायाच्या सातव्या ते नवव्या श्लोकांत भगवंतांनी नियत कर्माविषयी स्पष्ट निर्णय दिला आहे. विहित कर्म मोहाने टाकून देणे हा तामस त्याग. कष्ट होतील या भयाने टाकणे हा राजस त्याग. आणि ‘हे माझे कर्तव्य आहे’ एवढ्याच बुद्धीने, आसक्ती व फलेच्छा सोडून ते करीत राहणे हा सात्त्विक त्याग होय. गृहस्थाश्रम्यास मृताच्या मागील हिशेब हे असेच नियत कर्म आहे. ते टाकणे म्हणजे वैराग्य नव्हे, आणि ते लोभाने करणे म्हणजे कर्तव्य नव्हे.

येथे कोणी म्हणेल, ‘शोकाने व्याकुळ झालेल्या माणसास कागदपत्रांची भाषा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. भगवंतांनी अर्जुनास अश्रूंबद्दल दोष दिला तो अश्रू अपवित्र म्हणून नव्हे; त्या शोकाने त्याची कर्तव्यबुद्धी झाकोळली होती म्हणून. तेव्हा दुसऱ्या अध्यायाचा उपयोग कोणाचे रडणे बंद करण्यासाठी करू नये. पती गेलेल्या स्त्रीस ‘आत्मा अमर आहे’ असे सांगावयाचे आणि त्याच दिवशी तिच्यापुढे सहीसाठी कागद सरकवावयाचा, असे प्रकार कुलीन म्हणविणाऱ्या घरांतूनही घडतात. ज्याच्या एका हातात गीता आणि दुसऱ्या हातात असा कागद आहे, त्याने गीता वाचली असेल, पण ऐकली नाही.

एक उदाहरण घेऊ. जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा हे तहसिलीचे गाव. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिहोरा रोड हे त्याचे स्थानक आहे, आणि त्याच दिशेने पुढे प्रयागराजला जाता येते. अस्थी घेऊन कोणी नर्मदातीरी ग्वारीघाटावर जातो, कोणी प्रयागी त्रिवेणीसंगमावर. समजा, तेथील एक मराठी गृहस्थ निवर्तले. एक मुलगा गावी शेती पाहतो, दुसरा पुण्यास नोकरीला आहे, मुलगी नागपुरास दिली आहे, वृद्ध आई आणि पत्नी घरी आहेत. अस्थिविसर्जन यथाकाल होते; तीर्थाहून गंगाजल येते; तेरावा पार पडतो. परंतु जमिनीच्या फौती नामांतरणाचा अर्ज मात्र वर्षानुवर्षे कोणी करीत नाही. प्रयाग इतके दूर असून अस्थी तेथे वेळेवर पोहोचतात, आणि तहसील कचेरी गावातच असून अर्ज तेथे पोहोचत नाही! ‘घाई काय आहे?’ असे म्हणता म्हणता दुसरी पिढी जाते, वारसांची संख्या वाढते, आणि जे काम पाच माणसांच्या एका बैठकीत झाले असते ते पंचवीस माणसांच्या वादात अडकते. महाराष्ट्रात तलाठ्याकडील वारसनोंदीची हीच कथा आहे. हा तामस त्याग होय.

याच्या उलट दुसरा दोष उतावीळपणाचा. मृत्यू घडताच कपाटाच्या किल्ल्या ताब्यात घेणे, मृताचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढीत राहणे, आणि ‘पैसा आपलाच तर आहे’ असे मनाचे समाधान करणे. तो पैसा आता एकाचा नाही. तो सर्व वारसांचा आहे आणि देणेकऱ्यांचाही आहे. म्हणून सरळ मार्ग असा : १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी, दाखल्याच्या पुरेशा प्रती घ्याव्यात, बँकेस कळवावे, आणि सर्व कागदांची एक यादी करून ती सर्व वारसांच्या समक्ष वाचावी. त्या वर्षी मृताला झालेल्या उत्पन्नाचे आयकर विवरणपत्र भरणे आवश्यक असल्यास तेही कायदेशीर प्रतिनिधीनेच भरावयाचे असते. जुन्या ठेवींचाही शोध घ्यावा. दहा वर्षे ज्यांना कोणी हात लावला नाही अशा ठेवी रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या योजनेप्रमाणे एका स्वतंत्र निधीत जातात. तथापि वारसांचा हक्क बुडत नाही, आणि २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवींचा माग काढता येतो.

आता एका मोठ्या गैरसमजाकडे वळू. बँकेच्या खात्यास किंवा समभागांस ज्याचे नाव ‘नॉमिनी’ म्हणून लावलेले असते, तो स्वतःस मालक समजू लागतो. कायद्याची दृष्टी तशी नाही. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या मुंबईहून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी निर्णय दिला की समभागांचा नॉमिनी केवळ त्या नावामुळे त्यांचा स्वामी होत नाही; वारसाहक्क ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसाच्या कायद्याने. बँकेतील ठेवीचेही तत्त्व हेच आहे : पैसा नॉमिनीच्या हाती येतो, तो खऱ्या वारसांपर्यंत पोहोचविण्यासाठी. आयुर्विम्यात मात्र माता-पिता, पती-पत्नी व अपत्ये यांस नॉमिनी केले असल्यास २०१५ च्या दुरुस्तीने वेगळी तरतूद केली आहे; म्हणून विम्याचा कागद स्वतंत्रपणे जाणत्याकडून समजून घ्यावा.

नॉमिनी हा विश्वस्त आहे, या एका वाक्यात गीतेचा व्यवहारधर्म सामावलेला आहे. महात्मा गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे की गीतेतील अपरिग्रहाचा विचार करीत असताना, इंग्रजी कायद्याच्या अभ्यासात भेटलेल्या ‘विश्वस्त’ या शब्दाचा अर्थ त्यांना विशेष उजळून दिसला. धन हाताळावे, पण त्यावर ममत्व ठेवू नये, हा तो अर्थ. मृताची संपत्ती ज्याच्या हाती प्रथम येते, त्याची परीक्षा येथेच होते.

मग खरे वारस कोण? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांना समान वाटा मिळतो. आधी वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या अपत्यांनाही त्यांच्या आईबापांचा वाटा मिळतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क आहे, असे २००५ च्या दुरुस्तीने ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ते निःसंदिग्ध केले. वरील उदाहरणातील गृहस्थांची वृद्ध आई पुष्कळदा सर्वांच्या विस्मरणात जाते. पण कायदा तिला विसरलेला नाही. अज्ञान मुलाच्या वाट्याची स्थावर मालमत्ता तर प्रत्यक्ष पालकासही न्यायालयाच्या अनुज्ञेवाचून विकता येत नाही.

असे असता, बहीण माहेरी तेराव्यास आली की तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत पडली आहे. ती प्रसन्न मनाने, सर्व समजून, आपला भाग भावास देत असेल तर ते दान आहे. परंतु ‘सही केली नाहीस तर माहेर तुटेल’ या भयाने ती सही करीत असेल, तर ते दान नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात क्लेशपूर्वक दिलेल्या दानास राजस म्हटले आहे. मग क्लेश देऊन घेतलेल्यास काय म्हणावे? गृहस्थांनी एक नियम करावा : तेराव्यापूर्वी घरातील कोणत्याही शोकग्रस्त व्यक्तीकडून मालमत्तेच्या कागदावर सही मागावयाची नाही, आणि नंतरही कागद वाचून, समजावून, विचारास अवधी दिल्यावाचून मागावयाची नाही.

संपत्तीबरोबर ऋणही येते. याज्ञवल्क्य स्मृतीने पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले; मात्र मद्य, व्यभिचार व द्यूत यांसाठी केलेले ऋण त्यातून वगळले. आजचा कायदा वारसाकडे त्याच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतेच देणे मागतो. हे दोन्ही जाणून वागावे. शेजारच्या वाण्याची उधारी, मजुराची राहिलेली मजुरी, मित्राची कागदावाचून घेतलेली रक्कम, यांसाठी बहुधा कोणी न्यायालयात जात नाही. म्हणूनच ती आधी फेडावीत. आणि कर्ज काढून मोठे भोजन घालण्यापेक्षा मृताच्या नावावरील एक कर्ज उतरविणे हे अधिक श्रेष्ठ श्राद्ध होय. श्राद्ध हे श्रद्धेवरून आहे, पंगतीच्या लांबीवरून नाही.

शेवटी, जे आज धडधाकट आहेत त्यांनीही आपले कर्तव्य ओळखावे. मरणाचा विचार अशुभ मानून जो गृहस्थ आपल्या पत्नीस खाते कोणत्या बँकेत आहे हेही सांगत नाही, तो तिच्यावर प्रेम करीत असला तरी तिला अंधारात ठेवतो. एका वहीत सर्व ठेवी, देणी, घेणी, विमा, जमिनीचे क्रमांक लिहून ठेवावेत. मृत्युपत्रास मुद्रांकाचा कागद लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या विधिपूर्वक असल्या म्हणजे पुरे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीस चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. ज्याने ही वही लिहून ठेवली, त्याने आपल्या माणसांना भांडणापासून वाचविले. जन्मलेल्यास मृत्यू निश्चित आहे, हे केवळ मुखोद्गत नाही, तर आपल्याला पटलेले आहे, याचा पुरावा म्हणजे ती वही.

नवव्या अध्यायात भगवंत सांगतात की जे जे करशील ते ते मला अर्पण कर. मृताच्या व्यवहारांत निर्णय कठीण वाटेल तेव्हा हीच कसोटी लावावी. वाटणीचा कागद, खात्याचा अर्ज, हक्कसोडपत्र, जे काही असेल ते प्रथम देवापुढे ठेवून पाहावे. जो कागद देवापुढे ठेवण्यास हात धजत नाही, तो कचेरीत नेऊ नये. आणि जो निःशंकपणे ठेवता येतो, तो दिवंगताच्या पिंडाइतकाच पवित्र आहे असे समजावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥