तक्रार आणि तडा

शर्यतीच्या गाडीतले सगळ्यात जास्त कोणाला कळते? चालवणाऱ्याला, असे कोणीही चटकन म्हणेल. लेला लोंबार्डीची कारकीर्द पाहिली की मात्र हे उत्तर व्यवहारात किती कच्चे ठरते ते दिसते. १९४१ साली इटलीतल्या फ्रुगारोलो गावी जन्मलेली ही खाटकाची मुलगी वडिलांच्या दुकानाची मांस पोचवणारी व्हॅन चालवता चालवता शर्यतींकडे वळली. २७ एप्रिल १९७५ रोजी बार्सिलोनाजवळच्या माँजुइक इथे स्पॅनिश ग्राँ प्री चालू असताना एक गाडी कठड्यापलीकडे उडाली, माणसे दगावली आणि शर्यत २९ फेऱ्यांनंतर थांबवण्यात आली. लेला तेव्हा सहावी होती. शर्यत अर्धवट राहिल्याने गुणही निम्मेच मिळाले, म्हणजे तिच्या वाट्याला अर्धा गुण आला. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत गुण मिळवणारी ती आजही एकमेव स्त्री आहे. तिच्या नावापुढे हा अर्धा गुण नेहमी लिहिला जातो, पण तिच्या मार्च संघाचा रचनाकार रॉबिन हर्ड याने पुढे सांगितलेली हकीकत त्याहून बोलकी आहे. गाडी वळणावर नीट धरत नसल्याची तक्रार लेला हंगामभर करत होती, पण ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. मग नावाजलेला ड्रायव्हर रॉनी पीटरसन त्या गाडीत बसला आणि त्यानेही तीच तक्रार केली. या वेळी गाडी उकलून पाहिली, तेव्हा मागच्या मॅग्नेशियमच्या बल्कहेडला, म्हणजे सांगाड्यातल्या आडव्या भिंतीला, तडा गेलेला सापडला.

इथे प्रश्न कौशल्याचा नाही, ज्ञानाचा आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला खरे ज्ञान होते का, आणि होत असेल तर कोणाच्या सांगण्यावरून? न्यायदर्शनाने याचा कसून विचार केला आहे. शब्द हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, आहे, पण तो आप्ताचा असला पाहिजे, असे नैयायिक म्हणतात. आप्त कोण, हे वात्स्यायनाने न्यायभाष्यात स्पष्ट केले आहे: ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हेच लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते, असेही तो पुढे बजावतो. कुळाचा इतका बडेजाव असलेल्या समाजात बोलणाऱ्याची पात्रता कुळावरून नव्हे, तर वस्तूशी आलेल्या संबंधावरून ठरवणे ही साधी गोष्ट नव्हती. या कसोटीवर गाडीबाबत लेला आप्त ठरते. मागच्या चाकांचे काय चालले आहे हे तिला पाठीतून आणि हातांतून कळत होते, आणि खोटे सांगून तिचा काही फायदा नव्हता.

इंग्लंडमधल्या स्लाऊत राहणाऱ्या मराठी वाचकाला हा वाद आपल्या गावातूनच तपासता येईल. फोर्डची जीटी-४० इथल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये उभी राहिली, आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लोला कंपनी शर्यतीच्या गाड्या इथेच घडवत होती. पण याच गावात त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी एका स्त्रीचा शब्द कसा स्वीकारला गेला, तेही पाहण्यासारखे आहे. १ ऑगस्ट १७८६ च्या रात्री भाऊ विल्यम जर्मनीला गेलेला असताना आकाशनिरीक्षक कॅरोलिन हर्शेलला स्लाऊच्या घरून धूमकेतू दिसला. दुसऱ्याच दिवशी तिने रॉयल सोसायटीचा चिटणीस चार्ल्स ब्लॅग्डन याला पत्र धाडले. ६ तारखेला ब्लॅग्डन आणि सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स स्लाऊला येऊन धूमकेतू पाहून गेले. पुढच्या वर्षापासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. त्या काळी स्त्रियांचा मान फार होता असे नाही. ती सोसायटीची सभासद होऊ शकत नव्हती. पण तिचे म्हणणे तपासायला दुर्बीण वर करणे पुरेसे होते, आणि ती वर केली गेली.

यावर पहिला आक्षेप येईल तो घड्याळाचा. शर्यतीत घड्याळ निवाडा करते, तिथे कोणाच्या शब्दाची गरज काय? पण घड्याळ फक्त वेळ सांगते, कारण सांगत नाही. दोन सेकंद गेले ते चालवणारीमुळे की तड्यामुळे, हे काट्यावर उमटत नाही. उलट घड्याळावरच विसंबले, तर गाडीचा दोष चालवणारीच्या खात्यावर जमा होतो आणि तोच पुढे ती मंद असल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हरलेला प्रत्येक ड्रायव्हर गाडीला दोष देतो, मग संघाने शंका का घेऊ नये? जरूर घ्यावी. न्यायदर्शनातही संशय हा तपासाची सुरुवात आहे. पण जो संशय पाना हातात घेऊन खाली वाकत नाही, तो केवळ आधीच दिलेला निकाल असतो. तिसरा आक्षेप असा की मार्च हा पैशाच्या ओढाताणीतला संघ होता, पीटरसन नावाजलेला विजेता होता. फरक स्त्री-पुरुषाचा नसून नावलौकिकाचा असेल. हे शक्य आहे, आणि एका उदाहरणावरून हेतू सिद्ध होत नाही. पण त्याने मूळ मुद्दा ढळत नाही. नावलौकिक पाहून कान द्यायचे ठरवले, तर ज्यांना नाव कमावण्याची संधीच उशिरा मिळाली त्यांचा शब्द कायम रांगेच्या शेवटी राहणार. वात्स्यायनाने कुळ बाजूला सारले ते याच कारणाने पटते: तडा गाडीत असतो, सांगणारीच्या नावात नसतो.

पुण्याच्या डायना पुंडोलेने २०२४ मध्ये एमआरएफ सलून गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. भारतात कार रेसिंगचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. त्या गटात सगळ्यांना एकाच बनावटीच्या गाड्या असतात, त्यामुळे गाडी आणि माणूस यांचे श्रेय वेगळे काढणे बरेच सोपे होते. पण सगळ्या शर्यती अशा असत नाहीत, आणि आयुष्यातली बहुतेक कामे तर नाहीतच. दवाखान्यात दुखणे सांगणारी बाई, कारखान्यात यंत्राचा आवाज बदलल्याचे सांगणारी कामगार, यांच्याकडे धूमकेतूसारखा सगळ्यांना दिसणारा पुरावा नसतो. म्हणून समतेची खरी कसोटी ‘पहिली स्त्री’ मोजण्यात संपत नाही. एखादीने तक्रार केली, की तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याआधी गाडी उकलली जाते का, यावर ती लागते. तडा सापडला नाही तरी हरकत नाही. तो शोधला जाणे हा तिचा हक्क आहे आणि शोधणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य.