उघडलेले यंत्र

नोंदणी व मुद्रांक खात्यात आमची बत्तीस वर्षे गेली. बेळगाव, चिकोडी, निपाणी अशा ठिकाणच्या कचेऱ्यांत जुनी खरेदीखते हाताळण्याचा योग वरचेवर येई. १९५६ पूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्या काळच्या मराठी खतांत एक ठराविक शब्दमालिका हटकून भेटे : जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह जमीन विकली. विहिरीचे पाणी, बांधावरचे झाड, फार काय, भूमीत पुरलेला हंडा निघाला तर तोही घेणाऱ्याचा. (हंड्याच्या बाबतीत सरकारचा १८७८ चा कायदा वेगळेच सांगतो, हा भाग अलाहिदा.) विकणाऱ्याने मागे काही राखून ठेवायचे नाही, हा त्यातला भाव. विकत घेतलेली वस्तू पुरती आपली केव्हा होते, या प्रश्नाचे आमच्या पूर्वजांनी दिलेले हे उत्तर आहे.

ते आठवण्याचे निमित्त मात्र क्षुल्लक आहे. गेल्या गणपतीत पुण्याहून आलेल्या आमच्या चिरंजिवांनी माळ्यावरून एक जुने व्हिडिओ गेमचे यंत्र खाली काढले. १९९५ च्या दिवाळीत आम्हीच ते बाजारातून आणले होते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्या काळी असे यंत्र असेल. दूरदर्शन संचाला जोडायचे, पिवळी कॅसेट खोचायची, चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची आणि मारिओला उड्या मारायला लावायच्या. पुढल्याच मे महिन्यात ते बंद पडले. अकरा वर्षांच्या चिरंजिवांनी आतले पाहावे म्हणून स्क्रू काढले. 'सील तुटले आहे' एवढे सांगून दुकानदाराने ते परत केले. घरी येऊन आम्ही मुलाला एक सणसणीत चपराक दिली. लाखेची सरकारी मोहोर फोडणे आणि यंत्रावरची चिकटपट्टी फाडणे यांत आम्हांस त्या वेळी काही फरक दिसला नव्हता.

आज त्याच मुलाचा रविवार अशा यंत्रांच्या दुरुस्तीत जातो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, हा निव्वळ छंद. भंगारात निघालेली यंत्रे आणावयाची, फुगलेले कपॅसिटर उतरवून नवे बसवायचे, कॅसेटचे गंजलेले दाते अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाने पुसायचे. फुंकरीतल्या ओलाव्याने ते दाते उलट गंजत, हे आम्हांस आता कळले! काही कॅसेटींत खेळाडूची प्रगती नाण्याएवढ्या बॅटरीच्या आधाराने जपलेली असते. बॅटरी संपली की ती स्मृतीही गेली, म्हणून तीही बदलावी लागते. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे जे यंत्र काढले, त्याचे चित्र केवळ अँटेनाच्या वाटेने संचावर येई. हौशी मंडळी आत लहानसे मंडल जोडून चित्र स्वच्छ करून घेतात. करणाऱ्याने जे योजले नव्हते ते यंत्राकडून करवून घेण्याचा हा खटाटोप आहे.

अशा फेरफाराचा अधिकार वापरणाऱ्याला आहे काय? आमचे पहिले मत नकाराचे होते. पण चिरंजिवांनी एक घटना सांगितली आणि आम्ही विचारात पडलो. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ या यंत्रावर आरंभी दुसरी संगणक प्रणाली चालविण्याची सोय होती. १ एप्रिल २०१० रोजी कंपनीने दुरून पाठविलेल्या सुधारणेने ती सोय काढून टाकली. सुधारणा नाकारणाऱ्याला कंपनीच्या जाळ्यावर खेळणे बंद. विकलेल्या शेतात रात्री येऊन विहीर बुजवून जाण्याचाच हा प्रकार. मग उंबरठा ओलांडणारा कोण, स्वतःचे यंत्र उघडणारा की विकून झाल्यावर आत हात घालणारा?

कायद्याचे उत्तर बहुधा मधले असते. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली यंत्रात चिप बसविणाऱ्या कारागिराच्या बाजूने आणि सोनीच्या विरुद्ध निकाल दिला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, परंतु हक्कभंगाचा हेतू असेल तरच. 'हेतू' या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. हेतू तपासणारा शिक्का कोणत्याही कचेरीत आम्ही पाहिलेला नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तेही योग्यच झाले.

येथवर आमचे मत घडत आले होते, तोच आमच्या त्या जुन्या यंत्राचे झाकण निघाले. आत मोठमोठ्या चिपांऐवजी डांबरासारखा एक काळा ठिपका होता. "बाबा, हे मूळ यंत्र नव्हेच. फॅमिकॉमची नक्कल आहे. कॅसेटीतले खेळही तसेच उतरवलेले." आयुष्यभर कागदांवर 'खरी नक्कल' म्हणून सही करणाऱ्याच्या घरात तीस वर्षे ही खोटी नक्कल नांदत होती! ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. पण किंमत इतकी कमी का, हे आम्ही दुकानदाराला विचारलेही नव्हते. विचारले नाही, कारण उत्तर कदाचित गैरसोयीचे निघाले असते.

दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा आपले यंत्र घेऊन आला. "दादा, यात फेरफार करून द्या ना, म्हणजे उतरवून घेतलेले खेळ चालतील." पंखा साफ करून देतो, बाकीचे नाही, असे चिरंजिवांनी सांगितले. मुलाचे लक्ष टेबलावरच्या पिवळ्या कॅसेटीकडे गेले. "तुम्ही लहानपणी याच्यावरच शिकलात ना?" चिरंजीव काही बोलले नाहीत. हल्ली नवा खेळ चार-पाच हजारांच्या घरात जातो, आणि त्या मुलाचे वडील पॉवरलूमवर काम करतात.

आमचे मत असे : यंत्र जल-तरू-पाषाणासह आपले. ते उघडावे, जोडावे, बदलावे, बिघडले तर आपल्याच हाताने बिघडावे. खेळ मात्र त्या खतात येत नाही. कादंबरी विकत घेतल्याने ती छापून वाटण्याचा अधिकार मिळत नाही, तसेच हे. चिरंजिवांचा नकार आम्हांस पटला. तरी ज्या विद्येच्या बळावर त्यांनी तो दिला, ती त्या बनावट कॅसेटीपासूनच सुरू झाली, आणि तिचे पैसे आम्ही मोजले होते. मुलाला द्यायला आमच्यापाशीही उत्तर नव्हते. त्याला दर रविवारी दुरुस्ती शिकायला बसव, एवढे आम्ही सुचवले. चिरंजीव पुण्याला परतेपर्यंत तो रोज आला.

निघण्याच्या आदल्या रात्री यंत्र चालू झाले. झाकण बसवताना चिरंजिवांनी विचारले, "ही सीलची अर्धी फाटलेली पट्टी काढून टाकू का?" राहू दे, म्हटले. चपराकीचा विषय त्यांनी काढला नाही. तीस वर्षांनी का होईना, तो आम्हीच काढला.